स्कॅनिंगवर बघून सुईनं तुकडा काढतात, त्यात काय काय सांभाळायचं असतं

जांबोटीकडच्या एक मावशी आल्या होत्या, मानेत लिंबाएवढी गाठ, सोबत धाकटा मुलगा. पहाटेच्या बसनं निघालेल्या, आमच्याकडं नंबर लागेपर्यंत साडेअकरा झाले, आणि बाकावर बसल्या बसल्या त्यांना घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी यायला लागली. "सिस्टर, कालच्या रात्रीपासनं पाण्याचा थेंब घेतलो नाही बगा." का हो मावशी, कुणी सांगितलं उपाशी रहायला? तर म्हणे शेजारच्या आक्कानं, सुई लावायची म्हणजे रिकाम्या पोटी जायचं. मग त्यांना आडवं केलं, चहा-बिस्किट दिलं, आणि त्या चहा पीत असताना मुलानं पिशवी उपसली तर त्यातनं गोळ्यांचं एक अर्धं संपलेलं पाकीट निघालं. रक्त पातळ करायची गोळी. वर्षापूर्वी हार्टला स्टेंट घातलाय, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण "गाठ मानेत हाय, हार्टचं काय सांगायचं?"

मी बेळगावात स्कॅनिंगच्या खोलीत सिस्टर म्हणून नऊ-दहा वर्षं काम करतेय, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, इकडं चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडनं लोक येतात, आणि एक गोष्ट मला रोज दिसते: लोकांची सगळी भीती सुईची असते. सुई बिचारी पाच-दहा मिनिटांचं काम. जे बिघडायचं ते बहुतेक वेळा सुईच्या आधी न सांगितलेल्या गोष्टीमुळं किंवा सुईच्या नंतर चुकीच्या डबीत गेलेल्या तुकड्यामुळं बिघडतं, आणि या दोन्ही ठिकाणी पेशंट आणि घरचे लोक खूप काही करू शकतात, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी हे बायप्सी प्रकरण काय ते बघूया

शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना आपण, तेच. अंगात कुठं गाठ आहे, ती साधी आहे की टीबीची की कॅन्सरची हे नुसतं चाचपून किंवा फोटो काढून पक्कं सांगता येत नाही, त्यासाठी गाठीतला थोडा भाग काढून मायक्रोस्कोपखाली बघायला लागतो. याचे दोन प्रकार आहेत. एक एफएनएसी, म्हणजे अगदी बारीक सुईनं पेशी ओढून घ्यायच्या, ही सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. दुसरी कोर बायप्सी, यात जाड सुईनं शेवयाच्या तुकड्यासारखा बारीक तुकडा काढतात. सुईची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तो आकडा उलटा चालतो, आकडा मोठा म्हणजे सुई बारीक. एफएनएसीला 22 ते 27 गेज, कोरला 14 ते 18 गेज. 14 गेजची सुई साधारण 2 मिलिमीटर जाड.

रविवार पेठेत तांदळाचं पोतं न उघडता बघायचं असलं की व्यापारी खाच असलेली पोकळ सळई पोत्यात खुपसतो आणि बाहेर काढून तळहातावर दाणे ओततो, बघितलंय ना? कोर बायप्सीची सुई अगदी तशीच असते. आतल्या सळईला खाच असते, ती गाठीत शिरते, खाचेत तुकडा बसतो, वरनं धारदार नळी सरकते आणि तुकडा कापून आत बंद होतो. हे सगळं स्प्रिंगवर, एका क्षणात होतं आणि खट्ट असा आवाज येतो. आवाजानं माणूस दचकतो, आणि दचकणं चांगलं नाही कारण सुई आत असते. म्हणून आम्ही आधी बाहेर हवेत एकदा खट्ट करून दाखवतो. तुमच्याकडं कुणी दाखवलं नाही तर सांगा, एकदा आवाज ऐकवा म्हणून, कुणी नाही म्हणत नाही.

मग स्कॅनिंग कशाला लावतात?

आपल्याकडं सोनोग्राफीलाच स्कॅनिंग म्हणतात. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, कानाला ऐकू न येणारा आवाज आत जातो आणि आदळून परत येतो त्याचं चित्र पडद्यावर दिसतं, त्यामुळं कितीही वेळ मशीन लावून बघत बसलं तरी किरणांचा त्रास नाही. फायदा असा की सुई आत जाताना डोळ्यासमोर दिसते, पांढऱ्या चमकत्या रेषेसारखी. आणि रंगीत डॉपलर लावलं की रक्ताच्या नळ्या लाल-निळ्या दिसतात, म्हणजे वाटेत कुठली नळी आहे ते आधी बघून वाट ठरवता येते. (लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध असं नाही हं, मशीनकडं येणारं रक्त एका रंगात आणि लांब जाणारं दुसऱ्या रंगात एवढंच.)

पण एक अडचण आहे. मशीनला एका वेळी दिसतो तो आतला एक पातळ काप, पापडाएवढा म्हणा. सुई त्या कापातनं जरा बाजूला गेली की पडद्यावरनं गायब होते, खरं आत ती असतेच. म्हणून चांगल्या डॉक्टरांचा पहिला नियम, सुईचं टोक दिसल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. मधेच डॉक्टर थांबले, मशीन इकडं-तिकडं फिरवायला लागले तर "यांना येत नाही वाटतं" असं मनात आणू नका, ते टोक शोधत असतात आणि ते थांबतात हेच बरं आहे. दुसरं, स्प्रिंग सुटली की सुई अजून दोन-एक सेंटिमीटर पुढं उडी मारते, त्यामुळं गाठीच्या पलीकडं काय आहे ते आधी मोजायला लागतं. स्तनातल्या गाठीला सुई घालताना ती छातीच्या पिंजऱ्याला समांतर, आडवी धरतात ती याचसाठी, सरळ खाली घातली तर फुफ्फुसाला लागू शकते.

गोळ्या: इथं जरा निवांत वाचा

सगळ्यात मोठा धोका रक्तस्रावाचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दोन जातीच्या आहेत. एक जात प्लेटलेटना (रक्त थांबवणारे रक्तातले बारीक कण) एकमेकांना चिकटू देत नाही, ॲस्पिरिन (आपल्याकडं इकोस्प्रिन नावानं सगळ्यांना माहीत), क्लोपिडोग्रेल वगैरे. दुसरी जात रक्त गोठायची साखळीच संथ करते, हार्टची व्हॉल्व बदललेल्यांना देतात ती वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम, आणि हल्लीच्या अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन. ॲस्पिरिनची गंमत अशी की गोळी पोटातनं निघून गेली तरी जी प्लेटलेट एकदा बिघडली ती मरेपर्यंत तशीच राहते, आणि प्लेटलेट सात ते दहा दिवस जगते. त्यामुळं "सकाळची गोळी घेतली नाही सिस्टर" याचा काही उपयोग नसतो.

मग आठवडाभर आधीच बंद करून टाकायची का? नाही नाही नाही. हे मला हात जोडून सांगायचंय. स्टेंट घातलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं गोळी बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. गाठीच्या तपासणीपायी जीव घालवायचा का? गोळी बंद करायची की नाही, किती दिवस, हे गोळी देणाऱ्या हार्टच्या डॉक्टरांनी आणि सुई लावणाऱ्या डॉक्टरांनी बोलून ठरवायचं.

आणि बऱ्याच वेळा बंद करायला लागतच नाही. सुईनं उपचार करणाऱ्या रेडिओलॉजी डॉक्टरांच्या संस्थेनं 2019 साली नियम नव्यानं मांडले, त्यात कामाचे दोन गट केलेत. मान, थायरॉइड, स्तन, काखेतली वरची गाठ ही कमी धोक्याची, कारण रक्त आलंच तर बोटानं दाबून थांबवता येतं, इथं सगळ्यांच्या सरसकट रक्ततपासण्यासुद्धा लागत नाहीत. लिव्हर, किडनी, पोटात खोल असलेलं काहीही हे जास्त धोक्याचं, कारण आत बोट पोचत नाही. तिथं प्लेटलेट 50 हजारांच्या वर हव्यात (डेंगूच्या साथीत सगळ्यांना पाठ झालंय की नॉर्मल दीड लाखापासनं पुढं) आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तो साधारण 1.5 ते 1.8 च्या आत हवा. नॉर्मल माणसाचा 1 च्या आसपास असतो. लिव्हरचा आजार जुना असेल तर हे हिशोब वेगळे असतात, ते डॉक्टर बघतात. जास्त धोक्याच्या कामाआधी क्लोपिडोग्रेल आणि वॉरफेरिन सहसा पाच-पाच दिवस थांबवतात, पण परत सांगते, विचारून.

जांबोटीच्या मावशींची गाठ मानेत, वरच्या वर. डॉक्टरांनी त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी चालूच ठेवली, बारीक सुईनं काम केलं आणि नंतर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबून धरलं. झालं. तेच लिव्हर असतं आणि पाकीट पिशवीतच राहिलं असतं तर, विचार करून माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून येताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, कागदावर लिहून आणायचा त्रास नको. गुडघेदुखीला मेडिकलातनं परस्पर घेतलेली डायक्लो, गावठी औषध, काढा, सगळं. आणि या दोन प्रश्नांची उत्तरं घरातच आठवून ठेवा: दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त लवकर थांबलं नव्हतं का, आणि दात काढताना सुन्न करायचं इंजेक्शन दिलं तेव्हा काही त्रास झाला होता का. कारण बायप्सीलाही बहुतेक तेच औषध, लिग्नोकेन, टोचतात.

उपाशी रहायचं का, तर मानेच्या, स्तनाच्या गाठीला नाही, खाऊन या. लिव्हरसारख्या पोटातल्या कामाला काही तास उपाशी ठेवतात, ते अपॉइंटमेंट देताना सांगतात. शेजारच्या आक्काला नको, त्यांनाच विचारा. शुगरवाल्यांनी तर विचाराच, गोळी घेऊन उपाशी बसलात तर शुगर उतरते.

फॉर्म कन्नडात आहे, सही कशी करू?

हा आपल्या भागातला खरा प्रश्न. फॉर्म कन्नडात नाहीतर इंग्लिशमध्ये, आणि खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला दोन्ही वाचता येत नाहीत. भाषेचा वाद इथं काढायचाच नाही, सोप्पं आहे, वाचून सांगा म्हणायचं. बेळगावातल्या दवाखान्यात दोन्ही भाषा येणारं माणूस मिळतंच. 2008 साली समीरा कोहली केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की पेशंटला काय करणार, कशासाठी, धोका काय, दुसरा पर्याय काय हे पुरेसं समजावून संमती घ्यायची, आणि तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. म्हणजे बायप्सीच्या फॉर्मवर सही केली म्हणजे आता हे ऑपरेशनच करून टाकतील, ही भीती काढून टाका.

भाषेचा प्रश्न फक्त सहीपुरता नाही. लिव्हरची बायप्सी करताना श्वास रोखून धरायला लागतो, कारण श्वासाबरोबर लिव्हर वर-खाली होतं. एकदा आमच्यातल्याच एका नवीन सिस्टरनं सवयीनं सांगितलं "उसिरु हिडीरि", आणि आजोबांना वाटलं मोठा श्वास घ्या म्हणतायत, त्यांनी सुई आत असताना छाती भरून श्वास घेतला. डॉक्टरांनी सुई लगेच मागं घेतली, काही झालं नाही. पण तेव्हापासनं मी आधी पेशंटला आडवं करून तीन वेळा तालीम करून घेते, त्यांच्या भाषेत: श्वास थांबवा, सोडा. तुम्हीही विचारून घ्या की थांबायचं असेल तेव्हा तुम्ही काय म्हणणार. आणि खोकला आला तर बोलू नका, हात हलवू नका, आधी ठरवा की सुईपासनं लांबच्या हाताचं नुसतं बोट वर करायचं.

खोलीत काय दिसायला पाहिजे

सुईचं पाकीट नवीन, तुमच्यासमोर फोडलेलं. कातडी बेटाडिन किंवा क्लोरहेक्झिडीननं पुसून *वाळू दिलेली*, ओल्यावरच सुई घातली तर जंतू मरायला वेळ मिळत नाही. मशीनच्या तोंडाला निर्जंतुक कव्हर. आणि जेल. रोजच्या स्कॅनिंगला मोठ्या बाटलीतलं जेल चालतं पण सुई घालायची तिथं निर्जंतुक पुडीतलंच हवं. 2021 साली अमेरिकेत अशा बाटलीतल्या जेलमध्ये बुर्खोल्डेरिया नावाचे जंतू निघाले, पेशंटांच्या रक्तापर्यंत पोचले आणि तिथल्या एफडीएनं ते जेल वापरू नका म्हणून सगळीकडं कळवलं. वापरलेली सुई पांढऱ्या जाड डब्यात गेली पाहिजे, हा 2016 च्या दवाखाना-कचरा नियमातला डबा.

सुई लावायच्या आधी कुणीतरी मोठ्यानं तुमचं पूर्ण नाव, गाव, कुठल्या बाजूची गाठ हे विचारेल. "अहो आत्ताच सांगितलं की" म्हणून चिडू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 पासनं ऑपरेशनसाठी अशी यादीच दिली आहे. आणि गाठ उजवीकडची की डावीकडची, बोट ठेवून दाखवा.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे"

रोज ऐकते हे. या एका वाक्यापायी बायका स्तनातली गाठ सहा-सहा महिने लपवून ठेवतात, आणि तेवढ्यात ती खरंच पसरते, मग लोक म्हणतात बघा सुई लावली आणि पसरली. तिला सुई लागायच्या आधीच उशीर झालेला असतो.

यात खोटं सगळंच आहे असं मी म्हणणार नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं होऊ शकतं, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून 2008 साली जो आकडा काढला तो साधारण 2.7 टक्के होता. म्हणूनच लिव्हर सिरोसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) झालेल्या माणसात सीटी किंवा एमआरआयवर कॅन्सरची खूण स्पष्ट दिसली तर बऱ्याचदा सुई लावतच नाहीत. अंडकोषातल्या गाठीला वरनं सुई लावत नाहीत. हाडा-मांसाच्या काही गाठींमध्ये ऑपरेशन करणारा डॉक्टरच सुईची वाट ठरवतो, म्हणजे पुढं ती वाटही कापून काढता येते. आणि मेंढरं-कुत्री यांच्या संगतीतनं होणारी लिव्हरमधली पाण्याची गाठ, हायडॅटिड, तिला तयारीशिवाय टोचलं तर आतलं पाणी सांडून जबरदस्त ॲलर्जी येऊ शकते, घरी मेंढरं असतील तर हे आवर्जून सांगा. पण स्तनाच्या गाठीत सुईमुळं आयुष्य कमी झालं असं दिसलेलं नाही, उलट आज कुठलाही चांगला सर्जन सुईचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय स्तनाला चाकू लावत नाही.

तुकडा कुठल्या डबीत गेला?

हे माझ्या घरातलं. सख्खा चुलत भाऊ, एकोणीस वर्षांचा, मानेत गाठ, संध्याकाळी ताप. एका दवाखान्यात (आमच्या नाही) कोर बायप्सी झाली, छान झाली, चार तुकडे निघाले आणि चारही फॉर्मालिनच्या डबीत गेले. रिपोर्ट आला, टीबीसारखं दिसतंय, टीबीची तपासणी करून घ्या. आणि ती करायला काहीच उरलं नव्हतं. फॉर्मालिन तुकडा टिकवतं, मायक्रोस्कोपला तेच लागतं, पण त्यात जंतू मरतात. लोणच्यातली कोय रुजत नाही, तसं. टीबीचे जंतू वाढवून बघायचे असले किंवा जीनएक्स्पर्टवर टाकायचं असलं तर तुकडा साध्या सलाईनमध्ये द्यायचा असतो. जीनएक्स्पर्ट दोन-एक तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन औषध त्याला लागू पडेल का ते सांगतं. तीन आठवड्यांनी त्या पोराला परत सुई लागली. काकूंचा तेव्हाचा चेहरा मी विसरले नाही.

मानेतली, काखेतली गाठ असेल तर सुईच्या *आधी* एवढंच विचारा: टीबीसाठी एक तुकडा सलाईनमध्ये ठेवणार ना? डॉक्टरांच्या डोक्यात असेल तर हो म्हणतील, नसेल तर आठवेल. यात अपमान कुणाचाच नाही.

डबीवरचं नावही तिथंच वाचा. एका दिवशी दोन पाटील मावशी, दोघी खानापूरच्या, दोघींची उजवीकडची गाठ, हे आमच्याकडं झालंय. चिठ्ठी डबीच्या अंगावर हवी, झाकणावर नको, झाकणं बदलू शकतात. आपल्या भागात आधारवर नाव एक, रेशन कार्डावर एक, कन्नडातनं इंग्लिशमध्ये जाताना तिसरंच. जे दवाखान्याच्या फाइलवर आहे तेच डबीवर, तेच वय, तोच नंबर.

झाल्यावर

वरच्या गाठीला दहा मिनिटं दाबून धरतात, मग घरी. लिव्हर-किडनीला काही तास झोपवून ठेवतात, सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी नाडी-बीपी बघतात, कारण रक्तस्राव व्हायचाच तर बहुतेक पहिल्या काही तासांत कळतो. बरं वाटतंय म्हणून उठून बसू नका. आणि चंदगडच्या, कणकुंबीच्या लोकांनो, लिव्हरची बायप्सी असेल तर त्या रात्री शहापूर-वडगावात कुणी पाहुणे असतील त्यांच्याकडं रहा, घाटातनं रात्री परत येणं सोपं नाही.

लिव्हरनंतर उजवा खांदा दुखू शकतो, नस एकच असल्यामुळं, थोडं दुखणं चालतं. पण दुखणं वाढत गेलं, चक्कर, घाम, पोट फुगणं, लघवीत रक्ताच्या गाठी, दम लागणं, ताप, किंवा मानेच्या सुईनंतर मान सुजून गिळायला-श्वासाला अडचण, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल, डायक्लो नको. जखमेवर हळद नको. पोटाची बायप्सी असेल तर आठवडाभर घागर, वैरणीचा भारा उचलू नका.

"रिपोर्टात काहीच नाही आलं, मग उगाच टोचलं"

भात वरनं शिजलेला आणि तळाला कच्चा असू शकतो की. सुई नेमकी बऱ्या भागात गेली असेल तर रिपोर्ट चांगला येतो आणि गाठ वाईट असते. म्हणून रिपोर्ट, स्कॅनिंग आणि डॉक्टरांच्या हाताला गाठ कशी लागली ते, तिन्ही जुळायला लागतात, जुळले नाहीत तर परत सुई लावतात. थायरॉइडच्या रिपोर्टात बेथेस्डा म्हणून 1 ते 6 नंबर असतो, त्यात 1 म्हणजे साधी गाठ असं नाही, 1 म्हणजे पुरेशा पेशीच आल्या नाहीत. 2 म्हणजे साधी. हा 1 बघून घरी बसलेली माणसं मी बघितली आहेत.

आणि दुसरीकडं दाखवायचं असेल, बेंगळूरला किदवईला किंवा मुंबईला टाटाला, म्हणजे कॅन्सरच्या दवाखान्यात, तर परत टोचून घ्यायची घाई करू नका. लॅबमध्ये तुमच्या तुकड्याचे काप लावलेल्या मायक्रोस्कोपच्या काचा आणि उरलेला तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक ठेवलेला असतो, अर्ज केला की देतात, पुढच्या दवाखान्यात त्याच बऱ्याचदा पुरतात. ब्लॉक खोक्यात नीट गुंडाळून जवळ ठेवा, बसमध्ये काचेपाशी उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.